पिसाचं अळू

पुणे
२० जुलै १९९१

ती. भागीरथीबाई यांस,

पत्र अनोळखी हाताचं आहे, तरी शेवटपर्यंत वाचावं ही विनंती. माझं नाव मर्सी. माजिवड्याच्या कॉस्मास आणि क्लारा यांची मी मुलगी. क्लारा म्हणजे तुमची धाकटी बहीण शेवंती. तुम्हाला मावशी म्हटलेलं चालेल की नाही हे ठाऊक नाही, म्हणून वर बाई लिहिलं आहे.

मी पुण्याला एका प्रयोगशाळेत पीएच.डी. करते. विषय अळू. आमच्या परसातल्या अळूच्या पानांवर शिरांच्या कडेने पांढरट पट्टे येतात, अगदी पीस ठेवल्यासारखे. आई सांगते की १९६६ साली ती घर सोडून निघाली तेव्हा आजीने मागच्या दाराने तिच्या पदरात सात अळकुड्या टाकल्या. बाकीचं अळू कळव्याला तुमच्याकडेच राहिलं. म्हणजे एकाच अळूचे दोन भाग, बरोबर पंचवीस वर्षं वेगळे. मला नेमकं असंच अळू हवं होतं, जे कधी वेगळं झालं ते वर्षासकट माहीत आहे.

तुमच्या मळ्यातली पिसं असलेली सहा पानं, सहा वेगवेगळ्या आळ्यांमधली, पाठवाल का? तिकिटं लावलेलं पाकीट सोबत आहे. आईला हे पत्र लिहिल्याचं सांगितलं. ती अळूचे देठ सोलत राहिली.

आपली
मर्सी

•

कळवा
ता. २ ऑगस्ट

मर्सी हिस,

क्लारा कोण ते मला माहीत नाही. मला शेवंती नावाची बहीण होती. ती ६६ साली ख्रिस्तावाशी लग्न करून गेली. त्या दिवशी आमच्या आबांनी मला तुळशीसमोर उभं करून शब्द घेतला, की तिच्या घरचं पाणी पिणार नाहीस. मी दिला आणि पाळलेला आहे. पानं पाठवण्याबद्दल आबा काही बोललेले नाहीत, म्हणून पाठवते.

मी तिसरी शिकलेली. अक्षर लागलं नाही तर ती तुझी अडचण.

आता नीट ऐक. पिसाचं अळू फक्त आमच्या घरात. आईने ३८ साली लग्न होऊन येताना ठाकुर्लीहून ओटीत घालून आणलं. एखादं आळं बिनपिसाचं फुटलं तर आई ते उपटून खाडीत टाकायची, म्हणायची बाजारू जात शिरली. मी पण उपटते. जात राखायची तर एवढं करावं लागतं. ८५ साली उधाणाने बांध फुटला, खारं पाणी आठ दिवस मळ्यात उभं होतं. सगळ्यांचं सगळं गेलं. आमचं अळू पुन्हा उभं राहिलं. आळीत कुणालाही विचार.

देठ वेडेवाकडे तुटलेत, कारण घरात धड कोयती नाही. एक होती, आबांची, शिसवी मुठीची. सहा वर्षांमागे शेजारच्या नंदाने नेली. मी विचारायला गेले नाही, चोराला काय विचारायचं. तेव्हापासून तिच्याशी बोलत नाही.

अळकुडी मागू नकोस. मिळणार नाही.

भागीरथी दामाजी

पानं उरली तर फतफतं कर. चिंच भरपूर घाल. पुण्याला चिंच घालायला घाबरतात असं ऐकलं आहे.

•

पुणे
१ सप्टेंबर १९९१

ती. भागीरथीबाई,

पानं टवटवीत पोचली. मनापासून आभार. उधाणाची हकीकत मी वहीत लिहून घेतली. खाऱ्या पाण्यातून तगलेलं अळू कधी ऐकलं नव्हतं, प्रबंधात त्यावर एक पान तरी लिहीन.

एक गोष्ट पहिल्या पत्रात लिहायला हवी होती, ती लिहिली नाही, कारण मग तुम्ही पानं पाठवली नसती. ती पिसं म्हणजे अळूची जात नाही. तो रोग आहे. एक विषाणू पानात शिरतो, त्याने शिरांच्या कडेचा हिरवा रंग जातो आणि पीस दिसतं. तो पानातून अळकुडीत उतरतो आणि अळकुडीतून पुढच्या वर्षीच्या पानात चढतो. अळू आपण बियांपासून लावत नाही, अळकुड्याच लावतो, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या तोच विषाणू चालत आला. आजी आणि तुम्ही बिनपिसाची म्हणून जी आळी उपटली ती बहुधा निरोगी होती.

राग येईल, माहीत आहे. पण खोटं लिहिण्यापेक्षा बरं.

आपली
मर्सी

•

कळवा
ता. १५ सप्टेंबर

मर्सी हिस,

माझ्या आईच्या अळूला रोग म्हणतेस. त्रेपन्न वर्षं खाल्लं. आई पासष्टची होऊन गेली, आबा त्याच्या आधी गेले ते बैलाने मारल्यामुळे, अळूमुळे नाही.

आमच्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं. ते म्हणाले, मुलगी शिकलेली आहे, काहीतरी असेल. मी म्हटलं, शिकलेल्यांना पानात रोगच दिसायचा, त्याशिवाय पगार कोण देईल.

तरी विचारते. हा जो कोण विषाणू आहे त्याला तोंड आहे का? नसलं तर खातो काय? पाय नसले तर अळकुडीत उतरतो कसा? आणि मला कधी दिसला नाही तर तुला कसा दिसला? सगळ्याची उत्तरं पाठव. अर्धी पाठवू नकोस.

आणि वर बाई बाई लिहितेस ते वाचायला बरं वाटत नाही. मावशी लिहायचं तर लिही. त्याने नातं होत नाही.

भागीरथी

•

पुणे
१० ऑक्टोबर १९९१

ती. मावशी,

सगळ्या प्रश्नांची उत्तरं देते.

त्याला तोंड नाही आणि तो काही खात नाही. पाय नाहीत; पानाच्या रसाबरोबर वाहत जातो. एका झाडावरून दुसऱ्यावर जायचं तर मावा हा किडा सोंडेने रस पितो, त्या सोंडेला चिकटून जातो. तो नुसता एक धागा आहे. मक्याचं कणीस डोळ्यासमोर आणा. बाहेर एकसारखे दाणे, दोनेक हजार, गोल गोल फिरत वर गेलेले. हे दाणे म्हणजे त्याचं कवच. आत कणसाच्या बुरकुंडाऐवजी एक बारीक धागा आहे आणि तो दाण्यांच्या ओळीबरोबरच फिरत जातो. त्या धाग्याला आरएनए म्हणतात. त्याच्यावर चारच अक्षरांत, एका ओळीत, सुमारे दहा हजार अक्षरांचा मजकूर असतो. मजकुराचा अर्थ एवढाच, की माझ्या आणखी नकला काढ. अळूचं पान बिचारं काढत बसतं.

सोबत फोटो आहे. मोठ्या सूक्ष्मदर्शकातून काढला आहे. ज्या शेवयांसारख्या दिसतात त्या तुमच्या सहा पानांपैकी एकातल्या आहेत.

आता माझं काम. नकला काढताना चुका होतात, आणि या धाग्याच्या चुका तपासणारं कोणी नसतं. दरवर्षी कुठेतरी एखादं अक्षर बदलतं आणि तसंच पुढे चालतं. मी त्या धाग्याची टिकाऊ नक्कल करून शेवटची दीड हजार अक्षरं वाचते. काचेच्या दोन तावदानांत जेलीचा थर, त्यातून वीज सोडायची, मग फिल्मवर शिडीसारख्या काळ्या रेघा उमटतात. खालून वर एकेक पायरी वाचत जायचं. माजिवड्याचं वाचून झालं. ठाकुर्लीला आजीच्या माहेरी मनुबाईंना लिहिलं होतं, त्यांच्याही अळूचं वाचून झालं. तुमचं राहिलं आहे. तीन ठिकाणची अक्षरं शेजारी ठेवली की वर्षाला किती बदलतात ते कळेल. माझे मार्गदर्शक सर म्हणतात, सगळा प्रबंध त्यावर उभा आहे.

मनुबाईंनी पानांसोबत चिठ्ठी पाठवली आहे, की खरं पिसाचं अळू ठाकुर्लीचंच, कळव्याचं म्हणजे त्याची पाठवणी.

तुमची
मर्सी

•

कळवा
ता. ४ नोव्हेंबर

मर्सी हिस,

फोटो पोचला. आमच्यांनी उलटा धरून बघितला, मी सुलटा. सारखाच दिसतो. कुठली बाजू वर ते लिहायला पाहिजे होतं. देवाच्या फळीवर ठेवणार नव्हते, पण दुसरीकडे ठेवला की उंदीर कुरतडतात, म्हणून तिथे ठेवला आहे.

चार अक्षरं, दहा हजार वेळा, काना नाही मात्रा नाही, आणि तू ते खालून वर वाचतेस. मी तिसरीत वरून खाली वाचायचे तरी मास्तर छडी मारायचे. तुझ्या सरांना सांग, पोरीला चष्मा लागेल.

मनुबाईला कळव. ठाकुर्लीत अळूच्या शेजारी त्यांनी केळी लावल्या आणि अळूला ऊन मिळेनासं केलं. ज्याला ऊन देता येत नाही त्याने खऱ्याखोट्याच्या गोष्टी सांगू नयेत.

शेवंतीचे गुडघे दुखतात का? आमच्या आईचे याच वयात सुरू झाले होते. निरगुडीचा पाला लावायला सांग. मी सांगितलं म्हणून सांगू नकोस.

भागीरथी

•

पुणे
१२ फेब्रुवारी १९९२

ती. मावशी,

तीन महिने पत्र नाही, माफ करा. तुमच्या पानांची अक्षरं वाचून झाली. माझं काहीतरी भयंकर चुकलं आहे.

ठाकुर्लीचं आणि माजिवड्याचं अळू आजीच्या लग्नात वेगळं झालं, त्रेपन्न वर्षांपूर्वी. त्यांच्यात एकोणतीस अक्षरांचा फरक आहे. कळवा आणि माजिवडा पंचवीस वर्षं वेगळे. म्हणजे निदान तेराचौदा अक्षरांचा फरक यायला हवा. आला तीन. सहाच्या सहा पानांत तीच तीन.

सरांनी फिल्म पाहिल्या. म्हणाले, हे कळव्याचं अळूच नाही. तू नळ्यांवर नावं घालताना माजिवड्याच्याच नळ्या दोनदा वाचल्यास, आणि ही तीन अक्षरं तुझ्या वाचण्यातल्या चुका. मी म्हटलं, मी स्वतः नावं घातली. ते म्हणाले, तेच म्हणतोय मी.

माझी शिष्यवृत्ती मार्चअखेर संपते. पहिल्यापासून सगळं करायला वेळ नाही. हा भाग काढून टाकला तर प्रबंधात जे उरतं ते कोणी घेणार नाही. दोन वर्षं गेली असं समज, असं सर म्हणाले. तुमच्या मळ्याबद्दल सांगायचं काही राहिलं असेल तर लिहा. काहीही.

तुमची
मर्सी

निरगुडीचा पाला आईला सांगितला. कुणी सांगितलं असं तिने विचारलं नाही. लावते.

•

कळवा
ता. २० फेब्रुवारी

मर्सी हिस,

सांगायचं काही राहिलेलं नाही. माजिवडा लांब नाही, मध्ये खाडी आहे एवढंच. वाऱ्याने आलं असेल. नाहीतर तो मावा तूच म्हणालीस तो. त्याला पंख असतात, मी बघितले आहेत.

तुझे सर कसले आहेत. स्वतः शिडी वाचतात का नुसतेच बोलतात?

भागीरथी

•

पुणे
२६ फेब्रुवारी १९९२

ती. मावशी,

वाऱ्याने हा विषाणू जात नाही. मावा उडतो, पण सोंडेला चिकटलेला विषाणू त्याच्याजवळ तासाभरापेक्षा जास्त टिकत नाही. समजा एखादा मावा पोचलाही, तर एखाद्या आळ्यात माजिवड्याचा विषाणू सापडेल. सहाच्या सहा आळ्यांत तोच, आणि कळव्याच्या जुन्या विषाणूचा मागमूस नाही, असं होणार नाही. हे सगळं मी सरांसमोर स्वतःच बोलले. म्हणजे मावशी, मी माझ्याच विरुद्ध साक्ष दिली.

मी नळ्या बदललेल्या नाहीत. मला माहीत आहे. पण माहीत असणं आणि दाखवता येणं वेगळं. पुढच्या सोमवारी, दोन तारखेला, सरांना सांगायचं आहे, चूक कबूल आहे म्हणून. मग ते निदान चांगलं शिफारसपत्र देतील, शाळेत शिकवायला उपयोगी पडेल.

तुम्हाला त्रास दिला. पानं खरंच फार सुरेख होती.

मर्सी

•

(पोस्टकार्ड)

कळवा
ता. २८

पत्र मिळालं. हात दुखतो म्हणून जास्त लिहीत नाही. सोमवारी सरांना काही सांगू नकोस. ताप आला म्हणून सांग. दुसरं पत्र येईपर्यंत ताप उतरू देऊ नकोस.

भा.

•

कळवा
ता. २ मार्च

चि. मर्सी,

बसून वाच.

८५ च्या उधाणात आमचं अळू मेलं. एक आळं राहिलं नाही. माती उकरली तर अळकुड्या चिखलासारख्या हाताला लागल्या. आईला जाऊन दोन वर्षं झालेली. तिचे दागिने विकून गेले, भांडी वहिनीने नेली, माझ्याकडे ते अळू होतं. आमच्यांना मी सांगितलं, फुटेल. फुटणार नव्हतं, मला माहीत होतं.

मनुबाईकडे मागितलं असतं तर तिने दिलं असतं, आणि सगळ्या ठाकुर्लीला सांगितलं असतं. तुझ्या आईकडे मागायला मला तोंड नव्हतं.

एका रविवारी सकाळी मी माजिवड्याला आले. तुम्ही सगळे देवळात मिस्सेला गेलेलात. घराला कुलूप, परसाला कुंपण, पण फाटक नुसतं लोटलेलं. सात आळी खणली. प्रत्येक आळ्यातून एक अळकुडी घेतली, एक परत पुरली. सातच घेतल्या, कारण तिने सातच नेल्या होत्या. आईने मागच्या दाराने दिल्या असं तुला सांगितलं आहे ते खरं, पण मोजून पुरचुंडी बांधून आईच्या हातात मी दिलेली. हे कुणाला माहीत नाही. तू पण विसरून जा.

घरी येऊन लावल्या आणि सांगितलं, आईचं अळू खाऱ्या पाण्याला बधलं नाही. लोक बघायला आले. एका मास्तरांनी वर्गातली पोरं आणून दाखवलं. नंतर खरं सांगायला जागाच राहिली नाही.

तुमच्या पडवीत पाण्याचं मडकं होतं, वर पेला उपडा. खणून घसा वाळलेला. मी प्यायले नाही. आबांचा शब्द मोडलेला नाही. तुझ्या सरांना कागदावर लागत असेल तर हेही लिही.

तेव्हा तुझ्या नळ्या बदललेल्या नाहीत. जे बदललं ते मी बदललं. हे पत्र सरांसमोर ठेव आणि म्हणावं, वाचा. खालून वर वाचलं तरी चालेल.

फक्त तुझ्या आईला कळता कामा नये. ती म्हणेल, पाणी पीत नाही आणि चोरी करते.

तुझी
भागीरथी

आता ताप उतरला म्हणून सांग.

•

पुणे
१९ मार्च १९९२

ती. मावशी,

सरांनी तुमचं पत्र दोनदा वाचलं. मग कागद घेऊन हिशेब केला. त्रेपन्न वर्षांत एकोणतीस, तर सहा वर्षांत तीन आणि थोडं. आमच्याकडे आली तीन. सर म्हणाले, पुरावा उत्तम आहे, स्वतःच्या विरुद्ध इतकं तपशीलवार कोणी उगाच लिहीत नाही. माझी माफी मागितली नाही, पण चहा मागवला. शिष्यवृत्तीला सहा महिने वाढ मागणारा अर्ज त्यांनी स्वतः टाईप केला.

प्रबंधात आता असं येईल: कळवा येथील अळू, मूळ माजिवडा, १९८५ साली स्थलांतरित. स्थलांतरित हा शब्द सरांनी सुचवला. 'खाऱ्या पाण्यात तगणारं अळू' हे पान मी काढून टाकलं.

आता दुसरं. रागवा, पण वाचा. सर म्हणाले, नेणाऱ्याचं म्हणणं मिळालं, जिथून नेलं तिथलंही लेखी हवं. मला पर्याय नव्हता. रविवारी घरी गेले आणि आईला एवढंच विचारलं, की ८५ साली परसातून अळू कुणी नेलं होतं का. तुमचं नाव घेतलं नाही. ती विळीवरून उठली, हात पुसले आणि म्हणाली, दोन कागद आण. एकावर सरांसाठी चार ओळी लिहिल्या. दुसरा घडी करून दिला आणि म्हणाली, हा कळव्याला टाक. मी उघडलेला नाही. सोबत आहे.

तुमची
मर्सी

तुम्हाला हवं असेल तर आमच्या इथे निरोगी अळकुड्या तयार करता येतात. विषाणू नसलेल्या. पान दुप्पट मोठं येतं.

•

(सोबतचा कागद)

माजिवडा
१५ मार्च

ताई,

पोरीने विचारलं आणि मी हो म्हणाले. सरांना तसं लिहून दिलं आहे.

मिस्सेहून आलो तर सात आळी उकरलेली. कॉस्मास म्हणाला डुक्कर. मी म्हटलं, डुक्कर एक अळकुडी मागे ठेवत नाही, वरची माती तळव्याने दाबत नाही आणि आळ्यावर पान मुरगाळून ठेवत नाही. तसं आपली आई करायची, आणि तू. तू मुरगाळलेलं पान डावीकडे वळतं. लहानपणापासून.

शिवाय तू कोयती विसरलीस. आबांची, शिसवी मुठीची. विहिरीच्या काठावर ठेवली होतीस. मला वाटलं, पुढच्या रविवारी न्यायला येशील, म्हणून फाटक लोटलेलंच ठेवलं. मग त्याची सवय झाली. सहा वर्षं दर पावसाच्या आधी तिला धार लावते. कॉस्मासने नारळ सोलायला मागितली, दिली नाही.

येऊन घेऊन जा. तुला पाणी चालत नाही, माहीत आहे. मी काही म्हणणार नाही.

पुरचुंडी तू बांधलीस हे मला त्या दिवशीच कळलं होतं. आईला निरगाठ येत नव्हती.

शेवंती

•

कळवा
ता. ३० मार्च

चि. सौ. शेवंती,

कागद मिळाला. तुझ्या पोरीला सांग, मोठ्या पानाच्या अळकुड्या तिच्या सरांना घाल म्हणावं. पिसं नसली तर आपलं अळू मी ओळखायचं कसं?

कोयती सापडली हे सांगायला मी नंदाकडे गेले. सहा वर्षांनी. म्हटलं, माझ्या मनात वाईट आलेलं, तुझ्याशी बोलत नव्हते. ती म्हणाली, हो का? मला वाटायचं तुझे कान गेलेत, म्हणून मी पण जास्त हाका मारल्या नाहीत. मग एक तास बोलली. सहा वर्षं चांगली शांततेची गेली, ती आता संपली.

मी येते. आमच्यांना पण आणते, कोयती त्यांच्या पिशवीत राहील, बसमध्ये माझ्या हातात दिसली तर लोक उतरतील. पाण्याचं तू म्हणतेस ते बरोबर आहे. आबांचा शब्द आहे तो आहे. चहा कर, पण नुसत्या दुधाचा. पाण्याचा थेंब घालू नकोस, मला कळेल. आल्याचा तुकडा ठेचून घाल. कॉस्मासला म्हणावं, डुक्कर म्हणाला होतास ते मला कळलेलं आहे.

तिथली आळी कशी आली आहेत ते बघायचं आहे. मी एकेक परत पुरली होती, ती धरली की नाही हे सहा वर्षं डोक्यात आहे.

बुधवारी सकाळी येते. रविवारी येत नाही. रविवारी सकाळी तुम्ही घरी नसता, ते मला ठाऊक आहे.

तुझी
ताई